काटा अडला की वेग वाढवावा का?

दिवसाला बाराशे कॅलरींहून कमी खाऊनही वजन उतरत नाही, अशी तक्रार असलेल्या दहा जणांचा अभ्यास न्यूयॉर्कच्या सेंट ल्यूक्स-रूझवेल्ट रुग्णालयातल्या संशोधकांनी केला आणि तो १९९२ साली प्रसिद्ध झाला. आपलं चयापचयच मंद आहे, असं या मंडळींना वाटत होतं. संशोधकांनी त्यांना खास समस्थानिकं असलेलं पाणी प्यायला दिलं. ही समस्थानिकं शरीरातून कोणत्या वेगाने बाहेर पडतात, त्यावरून माणूस दिवसाला खरोखर किती ऊर्जा खर्च करतो हे काढता येतं. सगळ्यांचा खर्च अपेक्षेइतकाच निघाला. मात्र खाण्याची नोंद प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी होती आणि हालचालींची ५१ टक्क्यांनी जास्त. मुद्दाम खोटं सांगण्याचा यात फारसा भाग नसावा. फोडणीतलं तेल, चहातली साखर, मुलांच्या ताटात उरलेला भात, येता-जाता तोंडात टाकलेले शेंगदाणे हे कुणाच्याच स्मरणात ‘जेवण’ म्हणून राहत नाहीत.

हे सुरुवातीलाच सांगायचं कारण असं, की तीन-चार महिने वजन छान उतरून मग काटा अडला, की जिममध्ये खाण्याची मोजणी न तपासताच हमखास एकच सल्ला मिळतो. ‘आता हिट सुरू करा.’ हिट म्हणजे हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग: थोडा वेळ जीव तोडून व्यायाम, मग थोडी उसंत, मग पुन्हा तेच. वीस मिनिटांत तासाभराची चरबी जळते, व्यायाम संपल्यावरही दिवसभर भट्टी पेटलेली राहते, अडलेलं वजन सुटतं, असं बरंच काही त्याच्या नावावर खपवलं जातं. व्यायाम खरोखर उत्तम आहे. त्याची जाहिरात मात्र चुकीच्या गुणासाठी होते.

आधी काटा का अडतो ते पाहू. मोजणीत होणारी ढिलाई हे पहिलं कारण. पहिल्या महिन्यात वाटीने मोजून घेतलेला भात चौथ्या महिन्यात अंदाजाने वाढला जातो. पण सगळा दोष माणसाच्या माथी मारणं अन्यायाचं होईल, कारण शरीरही आपल्या बाजूने प्रतिकार करत असतं. ८५ किलोंचा माणूस ७५ किलोंवर आला, की त्याचा विसाव्याच्या वेळचा खर्च घटतो आणि चालण्याचाही, कारण आता दहा किलोंचं ओझं कमी वाहायचं असतं. १९९५ साली रुडॉल्फ लायबेल, मायकेल रोझेनबाम आणि ज्यूल्स हिर्श यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठाच्या रुग्णालयात लोकांना दाखल करून, मोजून जेवू घालून दाखवलं, की दहा टक्के वजन उतरल्यावर खर्च या साध्या हिशेबापेक्षाही जास्त घटतो. शरीर काटकसर करू लागतं. अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूझर’ या दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यांचा विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता. हे टोकाचं उदाहरण आहे. त्या स्पर्धेत लोकांना ज्या वेगाने आणि ज्या तऱ्हेने वजन उतरवायला लावत, तसं कुणीच करू नये. पण दिशा तीच.

भुकेचा भाग याहून मोठा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तेव्हा असलेले केविन हॉल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१६ साली एक हुशार मार्ग काढला. मधुमेहाच्या एका औषधामुळे रक्तातली काही साखर लघवीवाटे निघून जाते आणि माणसाच्या ते लक्षातही येत नाही. म्हणजे रोज काही कॅलरी गुपचूप गळतात. असं औषध घेणाऱ्यांचं वजन थोडं उतरलं आणि मग थांबलं. त्यांच्या वजनाच्या नोंदींवरून मागे हिशेब करत गेल्यावर दिसलं, की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा खर्च दिवसाला २० ते ३० कॅलरींनी घटतो, पण भूक सुमारे १०० कॅलरींनी वाढते. पाच किलो उतरवलेल्या माणसाला रोज पाचशे कॅलरींची जादा भूक सोसायची आहे, असा याचा अर्थ. काटा कुठेतरी अडणार हे त्यातच आलं.

रोझेनबाम यांचं आणखी एक निरीक्षण इथे फार उपयोगी आहे. वजन दहा टक्क्यांनी उतरलेल्या लोकांना त्यांनी सायकलवर बसवलं आणि अगदी हलकं पॅडल मारायला लावलं. तेवढ्याच कामाला त्यांचे स्नायू आता पूर्वीपेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी ऊर्जा वापरत होते. ही काटकसर हलक्या श्रमांत दिसली. रोज त्याच बागेत त्याच चालीने तासभर फिरणाऱ्याला ‘आता चालण्याचा काही उपयोग होत नाही’ असं वाटतं, त्यात म्हणूनच तथ्य आहे. उपयोग अजून होतो, पण पूर्वीइतका नाही.

मग वेग वाढवून पाहावा, ही कल्पना सुचणं साहजिक आहे. ती जुनीही आहे. १९३०च्या दशकात जर्मनीत प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी धावपटूंसाठी थोडी धाव, थोडी विश्रांती अशी पद्धत बसवली. त्यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ साली मिलानमध्ये ८०० मीटरचं अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत कापलं. पुढे चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने अशाच तुकड्या-तुकड्यांच्या सरावावर १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदकं नेली. यातल्या कुणालाही वजन उतरवायचं नव्हतं. दम वाढवायचा होता.

जिममध्ये घोकलं जाणारं ‘तबाता’ हे नाव जपानी संशोधक इझुमी तबाता यांचं. २० सेकंद सगळी ताकद लावून सायकल, १० सेकंद थांबा, असे सात-आठ फेरे. १९९६ सालच्या त्यांच्या अभ्यासात सहा आठवड्यांत असं करणाऱ्या गटाची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता तर वाढलीच, शिवाय ऑक्सिजनविना जोर लावण्याची क्षमता २८ टक्क्यांनी वाढली. आठवड्यातून पाच दिवस तासभर मध्यम वेगाने सायकल चालवणाऱ्यांची पहिली क्षमता वाढली, दुसरी नाही. मूळ प्रयोगातला जोर ऑक्सिजनच्या कमाल वापराला लागणाऱ्या जोराच्या १७० टक्के होता. तो सायकलवर होता, करणारे तरुण आणि सरावलेले होते. मोबाइलवर बघून दिवाणखान्यात चार मिनिटं हातपाय झाडणं म्हणजे तबाता नव्हे.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या मार्टिन गिबाला यांनी हा विषय सामान्य माणसाच्या वेळापत्रकात बसवला. त्यांच्या २०१६च्या अभ्यासात बैठी जीवनशैली असलेल्या पुरुषांचा एक गट आठवड्यातून तीनदा फक्त दहा मिनिटं सायकल चालवत होता. त्यातले २० सेकंदांचे तीन तुकडे जोराचे, बाकी सगळं हळू. दुसरा गट दर वेळी ४५ मिनिटं मध्यम वेगाने चालवत होता, पुढे-मागे थोडी हलकी सायकल धरून पन्नास मिनिटं. बारा आठवड्यांनी दोघांचीही ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सुमारे १९ टक्क्यांनी वाढली होती. दहा मिनिटं आणि पन्नास मिनिटं, फायदा सारखाच. पुढे गिबाला यांच्याच चमूने बैठ्या स्त्रियांना साध्या जिन्यावर २० सेकंदांच्या तीन चढाया करायला लावल्या, तरीही सहा आठवड्यांत त्यांचा दम वाढला.

आता चरबीचं काय? इथे जाहिरात आणि पुरावा यांची फारकत होते.

‘व्यायाम संपल्यावरही दिवसभर कॅलरी जळत राहतात’ हा दावा आधी घेऊ. जोराच्या व्यायामानंतर शरीर काही तास थोडा जास्त ऑक्सिजन वापरतं हे खरं आहे. पण हा जादा खर्च व्यायामातल्या खर्चाच्या साधारण ६ ते १५ टक्के असतो. ७५ किलोंच्या माणसाचे वीस मिनिटांच्या हिटमध्ये २०० कॅलरी खर्च झाल्या असं धरलं, तर नंतरची ‘भट्टी’ १२ ते ३० कॅलरींची. एका ग्लुकोज बिस्किटात साधारण तेवढ्याच असतात. हिटने चरबी जास्त जळते हा दुसरा दावा १९९४ साली क्यूबेकच्या आंजेलो त्रांब्ले यांच्या अभ्यासातून आला. तिथे हिट करणाऱ्या गटाने कमी कॅलरी खर्चूनही त्वचेखालची चरबी जास्त घटवली होती. पण हा छोटा अभ्यास होता आणि चरबी चिमट्याने मोजली होती. नंतर अनेक अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा २०१७ सालच्या आढाव्यात दिसलं की हिट आणि मध्यम वेगाचा व्यायाम यांनी कमी होणारी चरबी जवळपास सारखीच असते. फरक वेळेत होता. हिटला सुमारे ४० टक्के कमी वेळ लागला. तज्ज्ञांत यावर वाद आहेत, काही आढावे हिटला किंचित झुकतं माप देतात. पण चमत्कार कुणालाच सापडलेला नाही.

घरगुती हिशेब करू. आठवड्यातून दोनदा हिट म्हणजे ४०० कॅलरी, दिवसाला ५७. आता तेलाचा डबा बघा. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर माणशी एक लिटर, म्हणजे रोज सुमारे २७० कॅलरी निव्वळ तेलाच्या. ते निम्म्यावर आणलं तर रोजच्या १३५ वाचल्या, तेही घाम न गाळता. शिवाय तासभराचं भरभर चालणं बंद करून त्या जागी वीस मिनिटांचं हिट घेतलं, तर दिवसाचा खर्च उलट कमी होतो. वेळ वाचला हे खरं, पण अडलेला काटा आणखी घट्ट रुतेल. त्यात दमछाक झाली म्हणून दुपारभर सोफ्यावर पडून राहिलात, लिफ्ट घेतलीत, ‘आज व्यायाम झालाय’ म्हणून एक वडापाव जास्त खाल्लात, की हिशेब थेट तोट्यात.

तरीही काटा अडलेल्या माणसाने आठवड्यातून दोनदा हिट करावं, असंच मी म्हणेन. कारण काट्यावर न दिसणाऱ्या गोष्टी ते दुरुस्त करतं आणि आपल्याकडे नेमक्या त्याच जास्त महत्त्वाच्या आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं होतं. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय माणूस काट्यावर सडपातळ दिसत असताना पोटात चरबी बाळगून असतो, हे त्या एका छायाचित्राने जगाला पटवलं. ही पोटातली, अवयवांभोवतालची चरबीच मधुमेहाच्या वाटेवर नेते. ऑस्ट्रेलियातल्या स्टीफन बाउचर यांच्या गटाने २०१२ साली जादा वजनाच्या तरुण पुरुषांना आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं, ८ सेकंद जोरात आणि १२ सेकंद हळू अशी सायकल चालवायला लावली. बारा आठवड्यांत अंगातली चरबी दोन किलोंनी उतरली, आणि पोटातली १७ टक्क्यांनी.

मला सर्वांत भावलेला अभ्यास मात्र धावण्याचा नाही, चालण्याचा आहे. जपानमधल्या मात्सुमोतोच्या शिन्शू विद्यापीठात हिरोशी नोसे आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन आणि वयस्कर लोकांसाठी तीन मिनिटं भरभर, तीन मिनिटं रमतगमत अशी पद्धत बसवली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पाच महिन्यांत मांड्यांची ताकद आणि दम वाढला, रक्तदाब उतरला. मग कोपनहेगनमध्ये क्रिस्टियान कार्स्टॉफ्ट यांनी टाइप दोन मधुमेहाच्या रुग्णांवर हेच करून पाहिलं, आणि त्यांनी एक गोष्ट नेमकी केली: दोन्ही गटांची खर्च होणारी ऊर्जा सारखी राखली. चार महिने, आठवड्यातून पाच दिवस, तासभर. एकाच चालीने चालणाऱ्यांचं वजन हललं नाही. आलटून-पालटून चालणाऱ्यांचं सरासरी ४.३ किलो उतरलं, पोटातली चरबी घटली आणि साखरही सुधारली. एका गटात जेमतेम बारा माणसं होती, तेव्हा यावरून दवंडी पिटायला नको. पण चालणाऱ्या आणि अडलेल्या माणसाला याहून बिनधोक पुढची पायरी मला दिसत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवावा. पहिल्यांदा, काटा खरंच अडलाय का ते बघा. मीठ, बद्धकोष्ठता, पाळीच्या आधीचे दिवस यांनी वजन एक-दोन किलो सहज वरखाली होतं. रोज सकाळी वजन करून आठवड्याची सरासरी काढा, स्त्रियांनी मागच्या पाळीच्या त्याच दिवसांशी तुलना करा, आणि सलग चार आठवडे सरासरी हलली नाही तरच अडलं म्हणा. कंबर टेपने मोजा. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात. कंबर उतरत असेल तर काट्याकडे दुर्लक्ष करायला हरकत नाही. थायरॉइड, स्टिरॉइड, इन्शुलिन किंवा मानसिक आजाराची काही औषधं यांचाही हात असू शकतो, तो प्रश्न डॉक्टरांचा. मग आठवडाभर स्वयंपाकघरातला छोटा काटा काढून तेल, तांदूळ, शेंगदाणे, साखर सगळं तोलून लिहा. बहुतेक अडलेली वजनं इथेच सुटतात.

त्यानंतर चालणं चालूच ठेवून आठवड्यातले दोन दिवस निवडा, लागोपाठचे नकोत. पहिले तीन-चार आठवडे नोसे यांचंच वेळापत्रक: पाच मिनिटं साधं चालून अंग गरम करायचं, मग तीन मिनिटं इतकं भरभर की शेजारच्याशी पुरतं वाक्य बोलता येऊ नये, मग तीन मिनिटं सावकाश, असे पाच फेरे. ते अंगवळणी पडलं की नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठात रुळलेली चार गुणिले चार ही रीत घेता येईल: चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असे चार फेरे. जोरात म्हणजे हृदयाच्या कमाल ठोक्यांच्या ८५ ते ९५ टक्के. कमाल ठोके काढायचं सूत्र २०८ वजा वयाच्या ७० टक्के. पंचेचाळिशीतल्या माणसासाठी कमाल सुमारे १७६, म्हणजे जोराच्या मिनिटांत ठोके १५० ते १६८च्या दरम्यान. हृदयाचे ठोके मंदावणारं बीटा ब्लॉकर औषध घेणाऱ्यांना हे आकडे लागू नाहीत, त्यांनी धापेवरूनच ओळखावं. गुडघे कुरकुरत असतील तर चढण घ्या. टेकडीच्या चढावर वेग न वाढवताही दम लागतो आणि सांध्यांना उड्यांइतके हादरे बसत नाहीत. सायकल त्याहून सोपी. उड्या, बर्पी वगैरे प्रकार वजन जास्त असलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात देणारा प्रशिक्षक दिसला तर प्रशिक्षक बदला. आणि दोन दिवस वजनं उचलण्याचे ठेवा, डाळ-दही-अंडी यांतून प्रथिनं पुरेशी घ्या. नाहीतर उतरलेल्या किलोंमध्ये स्नायूही जातात आणि खर्च आणखी घटतो.

एक धक्का आधीच सांगून ठेवतो. हिट सुरू केल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत काटा बहुधा वर जाईल. दुखऱ्या स्नायूंत पाणी साठतं, रक्तातला द्रवभाग वाढतो, स्नायू ग्लायकोजेनचा, म्हणजे राखीव साखरेचा, साठा वाढवतात आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. ही चरबी नव्हे. याच पंधरवड्यात घाबरून व्यायाम सोडणाऱ्यांची संख्या कमी नाही.

धोक्याबद्दल. नॉर्वेतल्या तीन पुनर्वसन केंद्रांत ४,८४६ हृदयरोग्यांच्या १,७५,८२० व्यायामतासांची नोंद तपासली गेली. मध्यम व्यायामाच्या १,२९,४५६ तासांत हृदय बंद पडून एक मृत्यू झाला, आणि जोराच्या ४६,३६४ तासांत दोघांचं हृदय बंद पडलं पण ते वाचले. धोका फारच थोडा, पण हा व्यायाम निगराणीखाली होता, आधी तपासण्या करून. तेव्हा चाळिशी उलटली असेल आणि आजवर बसूनच काम केलं असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, घरात कुणाला लवकर हृदयविकार झाला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. साखर उतरवणारी औषधं किंवा इन्शुलिन चालू असेल तर जोराच्या व्यायामाने साखर एकदम खाली जाऊ शकते, मात्रा विचारून घ्या. ताप असताना, रात्र जागून काढल्यावर आणि एप्रिल-मे महिन्यांतल्या उन्हात हिट नको. आणि चढावर छातीत दाब वाटला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर उरलेले फेरे सोडून तिथेच बसा, कुणालातरी हाक मारा आणि थेट रुग्णालय गाठा.